लोकरीचा दोरा

पुण्याचा माणूस फोनवर म्हणाला,
चव झकास आहे, ताई, पण लाल कमी दिसते.
शेजारच्या फळीवरची बरणी लांबून हाक मारते,
तुमची जवळ गेल्यावर बोलते.
आणि सहा महिने टिकायला हवी.

मी हो म्हणाले.
चारशे पाकिटांना नाही म्हणायला वेगळं तोंड लागतं.

विडी घरकुलात आमच्या गल्लीतल्या सात जणींनी
सुपं ठेवून उखळ धरलं, त्याला तीन वर्षं झाली.
नखांतली तंबाखू गेली, लसूण आला.
शेंगदाणे, लसूण, जिरे, मीठ, मिरची:
पाकिटावर पाच शब्द पुरायचे.
सहावा शब्द एजंट घेऊन आला,
कागदाच्या पुडीत, चिमूटभर.
"खायचाच आहे, अक्का. सगळेच घालतात."
पुडीवर नाव नव्हतं.

पद्माक्का म्हणाली, घालू या.
यल्लव्वा म्हणाली, आधी घरच्यांना विचार.

आमचे हे बावीस वर्षं डाय हाऊसमध्ये.
टॉवेलचा लाल, चादरीचा लाल, परदेशी जाणारा लाल
वाफेच्या वासावरून ओळखतात.
तळहाताच्या रेषा निळ्या पडल्यात,
गड्ड्यातल्या ज्योतिषानं हात बघून पैसे परत दिले होते.

रात्री जेवायच्या आधी यांनी
माझ्या जुन्या स्वेटरची बाही उसवली.
पांढऱ्या लोकरीचा वीतभर दोरा,
चहाच्या भांड्यात पाणी, अर्धं लिंबू,
पुडीतली जराशी भुकटी.
उकळी आली तशी दोरा काढून नळाखाली धरला.
पाणी लाल, मग गुलाबी, मग नितळ.
दोरा लालच.
साबण लावला.
लाल.
"एर्रगा," हे म्हणाले,
लॉट चांगला उतरल्यावर म्हणतात तसं, खूश होऊन,
आणि लगेच तोंड मिटलं.

मिरचीचं असं नसतं.
तिचा रंग तेलाचा सोबती,
साबण बघून पळतो.

अनुषा फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.
म्हणाली, अम्मा, रंग म्हटला की लगेच विष म्हणू नको.
परवानगीचा रंगसुद्धा लोकरीला असाच बसतो.
दोरा एवढंच सांगतो, की हा मिरचीचा नाही.
कुठला आहे, ते दोऱ्याला काय माहीत?
सरबताच्या बाटलीवर तीनशे तीस लिहितात ना,
ते आत्ता तू पिळलेल्या लिंबातलंच आम्ल.
आणि मीठ मुठीनं खाल्लं तर मीठही सोडत नाही.
काय आहे, किती आहे, कुणी मोजलंय,
एवढं विचार.

मी पुडी उलटी केली, सुलटी केली.
आतून ती वहीचा कागद निघाली,
कुणा पोराचा आठाचा पाढा.

कार्तिक या सगळ्यात मान खाली घालून
कडक भाकरी मोडत होता.
त्याचा डबा कपाटामागे आहे, मला माहीत आहे.
दंड फुगवायची पावडर, जिमच्या मालकाकडून,
निम्म्या किमतीत.

सकाळी पुडी एजंटाला परत दिली.
तो हसला. म्हणाला, फळीवर कळेल.

मग ब्याडगी आणली.
पाकिटामागे चार रुपये चढले,
पद्माक्का दोन दिवस बोलली नाही.
लेबलावर अनुषानं छापून घेतलं:
रंग मिरचीचा आहे, ठेवला तर विटेल.
दोन महिन्यांत संपवा.
पुण्याच्या माणसानं ते वाचून दीडशे घेतली,
अडीचशे नको म्हणाला.
अजून खोलीत आहेत काही.
पाहुणे आले की जाताना हातावर ठेवते.

दोरा मी खिडकीच्या गजाला बांधून ठेवलाय,
पश्चिमेच्या बाजूला.
मे महिना झाला. सोलापूरचं ऊन.
वाळत घातलेली चादर विटली, यल्लव्वाचं दार विटलं,
दोरा कालच्यासारखा.
येता-जाता त्याला बोटानं ढकलते.
पोटात तर ऊनही नसतं.

काल कपाट सरकवून झाडलं.
कार्तिकचा डबा तिथंच आहे, निम्मा.
वरचं लेबल कुणीतरी नखानं खरवडलंय.
खाली दुसरं लेबल आहे.
त्याच्यावर दुसरं नाव.